तहान लागण्याआधी

रविवार, २ मार्च २०२५
दिल्ली

मार्चचा पहिला पंधरवडा म्हणजे आमच्या धंद्याचा हंगाम. मंगळवारी बीजिंगमध्ये राजकीय सल्लागार परिषद सुरू होते आहे, बुधवारी नॅशनल पीपल्स काँग्रेस. पंतप्रधान सरकारच्या कामाचा अहवाल वाचतील, तीनेक हजार प्रतिनिधी ठरल्या जागी टाळ्या वाजवतील आणि आपल्याकडच्या वाहिन्या त्यातला एकच आकडा उचलतील: संरक्षण खर्च किती टक्क्यांनी वाढला.

सुट्टी असूनही दुपारी कार्यालयात जाऊन बसले. आमची संस्था छोटी. चार संशोधक, हिशेबही सांभाळणारे एक ग्रंथपाल आणि सहा-सहा महिन्यांनी बदलणारे इंटर्न. सध्याची मुलगी नागपूरची आहे, जेएनयूत चिनी शिकलेली. तिच्याकडून गेल्या वर्षीच्या अहवालाची चिनी प्रत रुंद समास ठेवून छापून घेतली. "ताई, मागच्या वर्षीचा कशाला? नवा आला की तोच वाचू ना," ती म्हणाली. तिला म्हटलं, नवा एकटा वाचलास तर हाती नुसतं भाषण लागेल. कुठला मुद्दा वर सरकला, कुठला खाली ढकलला, कुठलं वाक्य गळालं, हे जुना शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. बातमी असते ती तिथे.

ही युक्ती आमची नव्हे. हाँगकाँगमध्ये लाडानी नावाचे एक हंगेरियन जेझुइट पाद्री होते. १९५३ पासून जवळजवळ तीस वर्षं त्यांनी 'चायना न्यूज ॲनालिसिस' हे छोटं वार्तापत्र चालवलं. सामग्री काय, तर चीनमधलीच छापील वर्तमानपत्रं आणि प्रांतोप्रांतीच्या रेडिओवरून टिपलेला मजकूर. कुठलाही गुप्तहेर नाही, फुटलेली फाइल नाही. बाकी सगळं सोसून वाचणं.

बुधवार, ५ मार्च

बीजिंगचे नऊ म्हणजे आपले साडेसहा. चहा घेऊन संगणकापुढे बसले. पंतप्रधान ली छ्यांग यांनी तासभर वाचन केलं. वाढीचं उद्दिष्ट सुमारे ५ टक्के. वित्तीय तूट गेल्या वर्षी ३ टक्के धरली होती, यंदा ४. महागाईचं उद्दिष्ट ३ टक्क्यांवरून २ वर. संरक्षण खर्च ७.२ टक्क्यांनी वाढून सुमारे १.७८ लाख कोटी युआन.

नऊपासून वाहिन्यांचे फोन. "मॅडम, ७.२ म्हणजे आक्रमक पवित्रा म्हणायचा का?" गेल्या वर्षीही ७.२ होता, त्याच्या आदल्या वर्षीही ७.२, असं सांगितल्यावर समोरच्या मुलाचा आवाज पडला. "मग बातमी काय?"

बातमी ही की २०२४च्या अहवालात वर्षभराच्या कामांच्या यादीत पहिल्या जागी नव्या तंत्रज्ञानाचे उद्योग होते. यंदा पहिल्या जागी देशातला खप वाढवण्याचं काम आलं. महागाईचं उद्दिष्ट वीस वर्षांत एवढं खाली ठेवलं नव्हतं. म्हणजे किमती वाढतील ही भीती नाही, वाढत नाहीत ही आहे. घरांच्या किमती पडल्या, माणसं पैसा राखून बसली, आणि कारखाने मात्र पूर्ण वेगात. न खपलेला माल मग बाहेर जातो. "यात भारत कुठे येतो?" त्याने विचारलं. म्हटलं, चाकणच्या एखाद्या सुट्या भागांच्या कारखानदाराला विचारा, तो माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. मुलाने आभार मानले. संध्याकाळी त्यांच्या पडद्यावर ७.२ झळकत होता, मागे रणगाडे.

शुक्रवार, ७ मार्च

परराष्ट्रमंत्री वांग यी यांची वार्षिक पत्रकार परिषद. भारताबद्दल प्रश्न आला. ड्रॅगन आणि हत्तीने जोडीनं नाचावं, दोघांपुढे तोच योग्य मार्ग, असं उत्तर. गेल्या ऑक्टोबरात गस्तीचा समझोता आणि कझानची मोदी-शी भेट झाल्यापासून सूर मऊ आहे. आज तो अधिकृत व्यासपीठावरून ऐकला एवढंच.

असल्या परिषदेत प्रश्नही आधी ठरलेले असतात. त्यामुळे कुठल्या देशाचा प्रश्न येऊ दिला आणि कितव्या क्रमांकावर, हे आम्ही उत्तराइतकंच काळजीपूर्वक टिपतो. पूर्वी अधिवेशनाच्या शेवटी खुद्द पंतप्रधान पत्रकारांना सामोरे जात. तीसेक वर्षांची ती प्रथा २०२४ मध्ये बंद केली. यंदाही नाही.

तासाभरात दिल्लीतल्या तीन संस्थांची टिपणं आली. आमच्या सरांनीही रात्रीपर्यंत आठशे शब्द मागितले. दिले. त्यात वाईट काही नव्हतं, नवंही काही नव्हतं. विचारगट आणि विद्यापीठातलं केंद्र यांत फरक विचारला तर मी हाच सांगेन: पहिल्याला आज संध्याकाळी उत्तर द्यावं लागतं, दुसऱ्याला पाच वर्षांनी दिलं तरी चालतं. दोन्ही हवेत. पंचाईत ही की संध्याकाळचं उत्तर पाच वर्षांच्या साठ्यातून काढायचं असतं आणि पैसा मात्र संध्याकाळला मिळतो.

याला अपवादही आहेत. बंगळूरच्या तक्षशिला संस्थेत 'पीपल्स डेली' रोजच्या रोज वाचून त्याचं सार मांडण्याचा परिपाठ बसवला गेला. गडबड असो वा नसो. मुंबईच्या गेटवे हाउसने २०२०च्या सुरुवातीला भारतीय स्टार्टअपमधली चिनी गुंतवणूक मोजली: अब्ज डॉलरवर गेलेल्या तीस कंपन्यांपैकी अठरांत चिनी पैसा. गलवान तेव्हा काही महिने दूर होतं. जूननंतर जो तो हाच आकडा सांगत सुटला. तो आयता सापडला, कारण कुणीतरी तो विचारला जाण्याआधी मोजून ठेवला होता.

सोमवार, १० मार्च

इंटर्नला शिनच्यांगमधल्या रस्त्यांवरचे काही चिनी प्रबंध हवे होते. सीएनकेआय या तिकडच्या प्रचंड शोधनिबंध-संग्रहात नावं दिसतात, उघडत नाहीत. १ एप्रिल २०२३ पासून परदेशी वाचकांसाठी प्रबंध, परिषदांची कागदपत्रं, सांख्यिकी वार्षिकं असं बरंच काही त्यांनी आवळून घेतलं. त्याच वर्षी जूनमध्ये शहरी तरुणांची बेरोजगारी २१.३ टक्क्यांवर गेली, ऑगस्टमध्ये तो आकडा देणंच थांबवलं आणि पुढच्या जानेवारीत मोजायची रीत बदलून पुन्हा सुरू केलं.

जेवताना तिला हाँगकाँगच्या युनिव्हर्सिटीज सर्व्हिस सेंटरबद्दल सांगितलं. १९६३ साली कौलूनमध्ये ते निघालं, कारण अमेरिकन अभ्यासकांना चीनमध्ये शिरताच येत नव्हतं. तिथे प्रांतिक वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते आणि सीमा ओलांडून आलेल्या निर्वासितांच्या मुलाखती घेता येत. एझ्रा व्होगेल यांचं कॅन्टनवरचं १९६९चं पुस्तक त्याच साधनांतून उभं राहिलं. पुढे चीन उघडला, १९८८ मध्ये केंद्र तिथल्या चायनीज युनिव्हर्सिटीत गेलं आणि स्वतः चीनमधले संशोधक तिथे जिल्ह्याजिल्ह्यांची गॅझेटियरं वाचायला यायला लागले; आपल्याच देशाचा इतिहास वाचायला सीमेपार. २०२१ मध्ये स्वतंत्र केंद्र मिटलं, ग्रंथ विद्यापीठाच्या मुख्य ग्रंथालयात गेले.

"म्हणजे आपण परत १९६३ मध्ये?" तिने विचारलं. तसं म्हणवत नाही. तेव्हा कागद कमी होता. आज कागदाचा पूर आहे आणि त्यातला कुठला थेंब उद्या गायब होईल ते सांगता येत नाही. म्हणून आज उघडतंय ते आज उतरवून ठेवायचं. ग्रंथपालकाकांनी जुन्या हार्ड डिस्कवर आठ वर्षांपूर्वीची सांख्यिकी वार्षिकं ठेवलेली निघाली. त्यांना चिनी येत नाही. कुणीतरी ठेवा म्हटलं, त्यांनी ठेवली.

बुधवार, १२ मार्च

आज यशवंतराव चव्हाणांची जयंती. संदर्भ पाहायला राव तुला राम मार्गावरच्या संरक्षण अभ्यास संस्थेच्या ग्रंथालयात गेले होते, हा निव्वळ योगायोग. पण मराठी माणसाने तो नोंदवावा असा.

हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आमच्या शाळेत प्रत्येक भाषणात यायचं. १९६२च्या नोव्हेंबरात मुंबई सोडून संरक्षणमंत्री होणं एवढीच ती गोष्ट सांगितली जायची. त्यानंतर तीन वर्षांनी, ११ नोव्हेंबर १९६५ला, त्यांच्याच पुढाकाराने ही संस्था स्थापन झाली, हे त्या भाषणांत कधी ऐकलं नाही. सैन्य उभं करणाऱ्या मंत्र्याला सैन्याबाहेर बसून विचार करणारी, वाचणारी माणसंही हवीशी वाटली. के. सुब्रह्मण्यम यांनी १९६८ पासून तिला आकार दिला. २०२० पासून संस्थेला मनोहर पर्रीकरांचं नाव आहे. एका सातारा-सांगलीकडच्या संरक्षणमंत्र्याने सुरू केलेली संस्था गोव्याच्या संरक्षणमंत्र्याचं नाव लावते.

या सगळ्या तारखा एका ओळीत मांडल्या की मन खट्टू होतं. दिल्ली विद्यापीठात चिनी अभ्यासाचं केंद्र: १९६४, यूजीसी आणि फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने. 'चायना रिपोर्ट' हे नियतकालिक: १९६४. संरक्षण अभ्यास संस्था: १९६५. युद्ध: १९६२. सगळं नंतरचं. तहान लागल्यावर विहीर खणली.

आणि तहान लागली त्या वर्षी घरात होतं ते पाणीही आपण सांडलं. कोलकाता, आसाम, दार्जिलिंगकडचे सुमारे ३,००० चिनी वंशाचे लोक, त्यांतले कितीतरी भारतीय नागरिक, राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन डांबले. ज्यांच्या घरात ती भाषा बोलली जात होती त्यांनाच कुंपणाआड ठेवून आपण परदेशी पैशांतून भाषा शिकवायची केंद्रं काढली.

सोमवार, १७ मार्च

काल मोदींची अमेरिकन पॉडकास्टवरची लांबलचक मुलाखत आली. चीनबद्दल मतभेद वादात बदलू नयेत असं ते बोलले, आज चिनी परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्या माओ निंग यांनी त्याचं कौतुक केलं. दिवसभर फोन याचेच.

ज्या बातमीने मी अस्वस्थ आहे, तिच्याबद्दल कुणी विचारलं नाही. शुक्रवारी ट्रम्प यांनी काढलेल्या आदेशात वॉशिंग्टनच्या विल्सन सेंटरचं नाव आहे: कायद्याने जेवढं बंधनकारक तेवढं ठेवून बाकी आवरा. व्हॉइस ऑफ अमेरिका, रेडिओ फ्री एशिया चालवणाऱ्या यंत्रणेचंही तेच. विल्सन सेंटरमध्ये चीन-अमेरिका संबंधांवरची किसिंजर इन्स्टिट्यूट आहे. पण आमच्यासारख्यांना त्याहून मोलाचा आहे तो त्यांचा शीतयुद्धाच्या इतिहासाचा प्रकल्प, १९९१ पासूनचा. बीजिंगने २००४ पासून परराष्ट्र खात्याचं दप्तर थोडं थोडं उघडलं तेव्हा जगभरचे अभ्यासक तिथे बसून नकला करत होते. २०१२-१३च्या सुमारास ते दार पुन्हा लोटलं गेलं. तोवर काढलेल्या नकला आणि अनुवाद विल्सन सेंटरच्या डिजिटल दप्तरात राहिले. १९ ऑक्टोबर १९५४च्या माओ-नेहरू भेटीचं चिनी बाजूचं टिपण मी तिथेच वाचलं आणि मग नेहरूंच्या निवडक लेखनाच्या दुसऱ्या मालिकेतला सत्ताविसावा खंड काढून आपल्या बाजूचं टिपण शेजारी ठेवलं. एकाच खोलीत बसलेल्या दोघांनी काय काय ऐकलं, हे तसंच कळतं.

बीजिंगने दार लावलं ते समजू शकते. पक्षाचं दप्तर आहे, पक्ष ठरवणार. पण वॉशिंग्टननेही किल्ली टाकून द्यावी? १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला आणि पुढच्या वर्षी याच अमेरिकेने परक्या भाषा शिकवायला कायदा करून पैसा ओतला. हार्वर्डचं फेअरबँक सेंटर १९५५चं. त्याला आणि त्याच्यासारख्या केंद्रांना या पैशाने बळ दिलं. तेही धक्क्यानंतरच. धक्का विसरला की पहिली कात्री इथेच लागते, हे फक्त आपल्याकडेच होतं असं मी समजत होते.

आज संध्याकाळी इंटर्नला एकच काम दिलं: विल्सन सेंटरच्या दप्तरातला भारताशी संबंधित प्रत्येक कागद उतरवून घे, तारीखवार नाव दे.

बुधवार, १९ मार्च

दिल्लीतल्या चीनवाल्यांचा वार बुधवार. १९६९ मध्ये काही प्राध्यापक, अधिकारी, पत्रकार अनौपचारिकपणे जमू लागले, त्याला चायना स्टडी ग्रुप म्हणत. १९९० मध्ये त्यातून इन्स्टिट्यूट ऑफ चायनीज स्टडीज झाली. तान चुंग, मीरा सिन्हा भट्टाचार्जी, मनोरंजन मोहंती, आणि आपले गिरी देशिंगकर. देशिंगकरांच्या नावाने आजही व्याख्यान होतं. बांगलादेश, आणीबाणी, तिआनमेन, अणुस्फोट या सगळ्यांतून बुधवारची बैठक चालत आली.

या परंपरेत मला आवडतं ते तिचं बिगरतातडीपण. वक्ता कधी जमीनधारणेवर बोलतो, कधी एखाद्या प्रांताच्या अर्थसंकल्पावर, कधी मिंग काळातल्या नकाशावर. प्रश्न विचारणारा निवृत्त राजदूत असतो आणि त्याच्या बाजूला एमएची मुलगी. नवख्या पाहुण्याला वाटावं, यातून सरकारला काय मिळणार? मिळतं ते असं की पुढच्या संकटात फोन कुणाला करायचा हे माहीत असतं.

परत येताना सरांशी मेट्रोत बोलणं झालं. ते म्हणाले, "आपल्या क्षेत्रात तीन प्रकारची माणसं. भाषा येणारी, देशात राहिलेली आणि टीव्हीवर दिसणारी. तिन्ही एकात असलेली मोजकी." मी म्हटलं, पहिले दोन प्रकार आता संपत चाललेत. २०१९ पासून चिनी संस्थेशी करार करायचा तर आधी दिल्लीची परवानगी लागते. २०२० ते २०२२ विद्यार्थ्यांना तिकडे जाता आलं नाही. २०२३च्या मध्यापर्यंत दोन्ही देशांनी एकमेकांचे पत्रकार जवळजवळ घालवूनच दिले. चीनवर पीएचडी करून चीनचा एक बाजारही न पाहिलेली मुलं आता शिकवायला लागलीत. त्यांचा दोष नाही. आणि ज्यांना उत्तम चिनी येतं, त्यांना नोएडाच्या मोबाइल कारखान्यात दुभाषी म्हणून आमच्या दुप्पट पगार मिळतो. नागपूरच्या मुलीलाही तशी विचारणा झाली आहे.

रविवार, २३ मार्च

सुट्टीचं वाचन. चीनशी मराठी माणसाचं नातं म्हटलं की सोलापूरचे डॉ. कोटणीस. १९३८ मध्ये गेलेलं वैद्यकीय पथक, ९ डिसेंबर १९४२चा मृत्यू, शांतारामबापूंचा चित्रपट. प्रत्येक चिनी पाहुणा त्यांचं नाव घेतो, आणि घ्यावं असंच ते काम आहे. पण स्मरण वेगळं आणि अभ्यास वेगळा. अभ्यासाची मराठी परंपरा दुसरीकडे आहे आणि तिला पुतळे नाहीत.

फर्ग्युसनचे पु. वि. बापट. 'विमुत्तिमग्ग' हा बौद्ध ग्रंथ मूळ भाषेत हरवला, सहाव्या शतकातल्या चिनी अनुवादात राहिला. बापटांनी तो चिनीतून वाचला, पालीतल्या 'विसुद्धिमग्ग'शी ताडून पाहिला आणि १९३७ मध्ये पुण्यात तुलनात्मक अभ्यास छापला. त्याच वर्षी १४ एप्रिलला शांतिनिकेतनात तान युन-शान यांच्या हाताखाली चीना भवन सुरू झालं. यातल्या कुणालाच माओ काय करेल ते सांगता आलं नसतं. ते त्यांचं कामही नव्हतं. पण चिनी वाचणारी माणसं या देशात तयार होऊ शकतात हे त्यांनी दाखवून ठेवलं.

मग वसंत परांजपे. १९४७ मध्ये सरकारने काही विद्यार्थी पेकिंगला पाठवले, त्यांत ते होते. देश नुकता स्वतंत्र झालेला, फाळणीची आग पेटलेली, तिजोरीत खडखडाट. आणि दिल्लीत कुणीतरी बसून ठरवलं की दहाएक पोरांना चिनी शिकवायला हवं. सात वर्षांनी नेहरू माओंना भेटले तेव्हा मधे बसून बोलणं पोचवणारा माणूस परांजपे होता. १९५४ मध्ये शोधाशोध सुरू केली असती तर तो मिळाला नसता.

विजय गोखल्यांचंही तसंच. १९८९च्या तिआनमेन आंदोलनात ते बीजिंगच्या दूतावासात तरुण अधिकारी होते. त्यावरचं पुस्तक २०२१ मध्ये आलं, मधे राजदूतपद आणि परराष्ट्र सचिवपद झालं. त्याच वर्षीच्या 'द लाँग गेम'मध्ये त्यांनी १९४९ पासूनच्या सहा वाटाघाटी तपासल्या आहेत. चिनी बाजू किती तयारीने येते, हे पानापानावर जाणवतं.

गुरुवार, २७ मार्च

आज उलटी बाजू. सरांनी विचारलं होतं: चिनी लोक आपला अभ्यास कसा करतात?

तारखा पाहून हसू आलं. डिसेंबर १९६३ मध्ये माओंनी परराष्ट्र अभ्यास वाढवण्याच्या अहवालाला मान्यता दिली. १९६४ मध्ये तीन विद्यापीठांत आंतरराष्ट्रीय राजकारणाचे विभाग निघाले आणि जग वाटून दिलं गेलं: बीजिंग विद्यापीठाला आशिया-आफ्रिका, रनमिन विद्यापीठाला कम्युनिस्ट चळवळ, शांघायच्या फुदानला पश्चिमेची भांडवलशाही. त्याच साली सिच्वान विद्यापीठात दक्षिण आशियाची संस्था. म्हणजे दिल्ली विद्यापीठाने चीनकडे आणि छंग्दूने भारताकडे एकाच वर्षी दुर्बीण लावली. दोन वर्षांत सांस्कृतिक क्रांतीने तिकडची विद्यापीठंच बंद पाडली.

त्या काळोखात संस्कृतचे प्राध्यापक जी श्यानलिन यांना विद्यार्थ्यांच्या वसतिगृहावर पहारेकरी म्हणून बसवलं होतं. १९७३ ते १९७७ या काळात त्यांनी तिथे लपूनछपून वाल्मीकिरामायण चिनीत आणलं. मागणी कुणाचीच नव्हती, सापडले असते तर शिक्षा होती. पुढे ते छापलं गेलं, २००८ मध्ये आपण त्यांना पद्मभूषण दिलं. २००५ मध्ये हुआंग बाओशंग यांच्या नेतृत्वाखाली महाभारताचं सहा खंडांचं भाषांतर आलं. पाया पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीचा. लॉ कॉलेज रस्त्यावर तयार झालेली पाठभेदांची यादी बीजिंगच्या सामाजिक शास्त्र अकादमीत ओळीओळीने वापरली गेली.

आजच्या चिनी संस्था याहून वेगळ्या. परराष्ट्र खात्याची सीआयआयएस, राज्य सुरक्षा मंत्रालयाशी जोडलेली मानली जाणारी सीआयसीआयआर, शांघायची एसआयआयएस. तिथले लेखक सरकारची री ओढतात हे खरं. पण सरकारने अजून न बोललेलं आधी कुठे चाचपून पाहिलं जातं, तेही त्यांच्याच लेखांत सापडतं. आणि ते परक्या अभ्यासकांना गंभीरपणे घेतात. २२ मार्च २०२१ला युरोपीय निर्बंधांना उत्तर देताना बीजिंगने बर्लिनच्या मेरिक्स या चीन-अभ्यास संस्थेवर थेट निर्बंध घातले. कुचकामी संस्थेवर कुणी निर्बंध घालत नाही.

रविवार, ३० मार्च

पाडवा. बाल्कनीत गुढी उभारली, खालच्या मजल्यावरच्या पंजाबी काकूंनी साडी कुठली ते विचारलं. सांगलीहून आईचा फोन: "अगं, ते चीनचं मिटलं म्हणे ना? मग तुझ्या नोकरीचं काय?" हसले, पण आमच्या देणगीदारांचाही हिशेब नेमका असाच असतो.

सोमवार, ३१ मार्च

ईदची सुट्टी, तरी वर्षअखेर असल्यामुळे आम्ही तिघं हजर. ग्रंथपालकाकांनी खर्चाचा तक्ता मांडला. २०२०च्या जूननंतर दोन वर्षं देणग्यांचा ओघ होता. मग तो आटत गेला आणि आता संबंध सुधारतात म्हटल्यावर मुख्य देणगीदाराने विषय बदलायला सुचवलंय: कृत्रिम बुद्धिमत्ता घ्या.

नव्या प्रस्तावात मी सीमाप्रश्नावरचे अहवाल, गोलमेज, दोन राजदूतांची व्याख्यानं हे सगळं खाली नेलं. वर तीनच कलमं ठेवली. चिनी येणाऱ्या तीन पदवीधरांना पाच वर्षांची पाठ्यवृत्ती, कारखान्यातल्या पगाराच्या निदान जवळ जाणारी. त्यांतलं एक वर्ष, व्हिसा मिळाला तर चीनमध्ये, नाही तर तैपेईत. रोजचा 'पीपल्स डेली' आणि तिबेट, शिनच्यांगची प्रांतिक वर्तमानपत्रं उतरवून जपण्याची सोय. आणि ग्रंथपालकाकांच्या हार्ड डिस्कची दुसरी प्रत, दुसऱ्या शहरात. ती पुण्यात ठेवू, असं मी सुचवलं. सर म्हणाले, "तुमचा पक्षपात कळतो." म्हटलं, दिल्लीपासून लांब आहे, एवढंच कारण पुरे.

मंगळवार, १ एप्रिल

भारत-चीन राजनैतिक संबंधांना पंचाहत्तर वर्षं. राष्ट्रपती मुर्मू आणि शी जिनपिंग यांनी एकमेकांना संदेश पाठवले. ड्रॅगन आणि हत्ती पुन्हा नाचले. वाहिन्यांवर अर्धा तास, तोही दुपारचा. भांडण नसलं की आम्हाला एवढाच वेळ. नागपूरच्या मुलीने नोएडाला तूर्त नाही कळवलंय. तूर्त.

प्रस्तावाच्या छापील नमुन्यात शेवटचा रकाना 'अपेक्षित निष्पत्ती'. तिथे सगळे 'धोरणात्मक शिफारशी' लिहितात, आम्हीही दरवर्षी लिहितो. यंदा मी लिहिलं: २०३५ साली भारतात अशी तीन माणसं, ज्यांना बीजिंगचा अहवाल वाचायला इंग्रजी अनुवादाची वाट पाहावी लागणार नाही, आणि ज्यांच्याजवळ आधीच्या दहा वर्षांचे अहवाल असतील.

सरांनी दोनदा वाचलं. "देणगीदार विचारतील, यात यंदा काय मिळणार?"

"यंदा काही नाही," म्हटलं.

त्यांनी पेन मागितलं आणि सही केली.